विचारा की! : अख्खा रविवार सरकारी चॅनेलसमोर

गेल्या महिन्यात याच पानावर मी एक उद्योग सुचवला होता, आठवतोय ना? रविवारी जेवणं आटोपली की दूरदर्शन लावायचं, दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत जे काय प्राणी, पक्षी, डोंगर, लेणी, राजेरजवाडे दाखवतील ते बघत बसायचं, मधे डुलकी लागली तर लागली, आणि जो प्रश्न डोक्यात येईल तो मला पाठवायचा. मला वाटलं दहाबारा जण पाठवतील. कसलं काय, टपाल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढा ढीग झाला की आमच्या संपादकांनी मला सरळ एक पिशवी आणि फोनचा चार्जर हातात दिला.

मी स्वतःही बसले होते. मुलुंडला आईकडे, पंखा पाचवर, समोर भाजलेल्या शेंगा. आईने पहिल्या पंधरा मिनिटांतच घोरायला सुरुवात केली आणि चित्ता हरणामागे सुटला नेमकी तेव्हा जागी झाली. "पकडलं का?" मी म्हटलं नाही, सुटलं. "बरं झालं," म्हणाली आणि परत कूस बदलली.

सरकारी चॅनेलचं मला काय आवडतं सांगू का, ते हळू असतं. नदी दाखवली की अर्धा मिनिट नदीच, कोणी अंगावर येऊन ओरडत नाही, ढॅण ढॅण म्युझिक नाही, मग मधल्या त्या शांततेत आपलं डोकं चालायला लागतं आणि अरेच्चा हे असं का असेल बुवा, असं होतं. आणि तुमचे प्रश्न वाचता वाचता एक गंमत लक्षात आली, टीव्हीवर दाखवलं आफ्रिका नाहीतर दक्षिण अमेरिका, आणि उत्तर शोधायला गेले तर ते निघतंय शिवडीला, भायखळ्याला, नालासोपाऱ्याला. म्हणून यावेळी जमेल तिथे उत्तराला स्टेशन जोडलंय.

ताई, आफ्रिकेतल्या तळ्यावरचे फ्लेमिंगो कसले गुलाबी दाखवले! आमच्या खाडीतले तेवढे गुलाबी दिसत नाहीत, काही तर चक्क पांढरे. प्रदूषणाने रंग उडाला का हो? (ऐरोलीहून)

उडाला नाही, काहींचा मुळात कमीच असतो आणि काहींचा अजून चढायचाय. फ्लेमिंगो जन्मतो करड्या रंगाचा. गुलाबी रंग त्याच्या पोटातून येतो, म्हणजे खाण्यातून. शेवाळात आणि बारीकसारीक कोळंबीसारख्या जिवांत जो लालकेशरी रंग असतो ना, गाजरातल्या रंगाच्या नात्यातला, तो हळूहळू पिसांत उतरतो, त्याला काही वर्षं लागतात. तुमच्या खाडीत दोन जाती येतात, मोठा रोहित आणि छोटा रोहित. छोटा मुख्यतः शेवाळावर जगतो म्हणून तो जास्त गडद, मोठा चिखलातले किडे, कवचवाले जीव वगैरे सगळंच खातो म्हणून तो फिकट, लांबून पांढराच वाटतो. आणि त्या थव्यात जे मळकट राखाडी दिसतात ती त्या मानाने कालची पोरं. प्राणीसंग्रहालयात यांना नुसतं साधं खाणं दिलं तर हे पांढुरके पडत जातात, म्हणून तिथे खाण्यातून मुद्दाम रंगद्रव्य द्यावं लागतं.

खाताना बघा कधी दुर्बिणीतून, डोकं पूर्ण उलटं करतात, वरची चोच खाली, आणि जीभ पंपासारखी मागेपुढे करून पाणी आत घेतात, चाळतात, बाहेर टाकतात. आपण पिठाची चाळण करतो तसलाच प्रकार, फक्त भयंकर वेगाने.

आणि तुम्ही ऐरोलीला राहता म्हणजे लकी आहात. तुमच्या दारातली ती खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जवळजवळ १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीतही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही गेली. तिथल्या जैवविविधता केंद्रातून सीझनमध्ये बोट निघते. पक्षी साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात, बरेचसे कच्छकडून, आणि मेच्या शेवटी पाऊस जवळ आला की निघतात. जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, भरती-ओहोटीची वेळ बघून, नाहीतर नुसतीच बोटीची सैर होईल.

सिंहाने मिट्ट काळोखात शिकार केली, ते दिसलं पण आणि हाडं मोडल्याचा आवाज पण आला. एवढ्या जवळ माइक घेऊन कोण गेलं होतं? (परळ, नाइट शिफ्टवाला)

कोणीही गेलं नव्हतं. आवाज बहुतेक वेळा खोटा असतो.

थांबा, लगेच टीव्ही बंद करू नका. चित्रं खरी असतात. काळोखात शूटिंग करायचे दोनतीन मार्ग आहेत. एक म्हणजे इन्फ्रारेडचे दिवे लावायचे, तो प्रकाश सिंहालाही दिसत नाही आणि हरणालाही नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसतो, म्हणून ते चित्र काळंपांढरं येतं आणि डोळे चमकतात. दुसरा म्हणजे थर्मल कॅमेरा, तो उजेड बघतच नाही, अंगातली उष्णता बघतो, त्यात जनावर पांढरं आणि थंडगार दगड काळा. आणि हल्ली असे कॅमेरे आलेत की चांदण्यातसुद्धा रंगीत चित्र येतं.

पण हे सगळं शंभर-दोनशे मीटरवरच्या गाडीतून, ही एवढी मोठी लेन्स लावून. लेन्स जवळ जाते, माइक जात नाही. मग तो आवाज नंतर स्टुडिओत तयार करतात. हाड मोडायला कोणी ओली भाजी मोडतं, बर्फात पाऊल वाजवायला मक्याच्या पिठाची पुरचुंडी दाबतात, खरंच तसाच कर्र कर्र आवाज येतो, घरी कॉर्नफ्लोअरच्या पाकिटावर करून बघा. सिनेमात जशी पावलं आणि दार वाजवणारी माणसं असतात तीच ही मंडळी. डरकाळी वगैरे खरी रेकॉर्ड केलेली असते पण ती त्याच सिंहाची त्याच रात्रीची असेलच असं नाही.

यात फसवणूक आहे का, यावर बाहेर बरेच वाद झालेत. २०११ मध्ये एका गाजलेल्या परदेशी मालिकेत ध्रुवीय अस्वलाची नुकती जन्मलेली पिल्लं गुहेत दाखवली होती आणि तो सीन युरोपातल्या प्राणीसंग्रहालयात शूट केलेला निघाला, केवढा गदारोळ. माझं मत विचाराल तर आवाजाचं मी चालवून घेईन, जागा मात्र खरी सांगा. अस्वलिणीच्या गुहेत जंगलात कॅमेरा घुसवला तर ती पिल्लं टाकून देईल, ते नकोच, पण मग सांगा ना तसं, आम्ही काय बघायचं सोडणार आहोत का.

ता.क. फूल सहा सेकंदांत उमलतं ते कसं, असंही तुम्ही खाली पेनाने लिहिलंय. दर दहा मिनिटांनी एक फोटो, दिवसाचे झाले १४४, आणि टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं पळतात. करा भागाकार. चोवीस तास कॅमेरा हलता कामा नये, उजेड बदलता कामा नये, आणि घरातल्या पोरांनी टेबलाला धक्का मारता कामा नये, अवघड तेवढंच आहे.

चित्ता म्हणजेच बिबट्या ना? आमच्या कॉलनीत भिंतीवरून येतो त्याला सगळे चित्ताच म्हणतात. (मुलुंड पश्चिम)

म्हणू दे, पण तो बिबट्या आहे. चित्ता तुमच्या भिंतीवर चढायच्या भानगडीत पडणार नाही, तो मोकळ्या माळावर धावणारा गडी. ओळखायचं सोपं आहे, चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके, बिबट्याच्या अंगावर फुलासारखी पोकळ कडी. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ, बिबट्याला ती नाही. बिबट्या रात्री करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज काढतो. चित्त्याला डरकाळीच फोडता येत नाही, तो चिवचिवतो, अगदी पक्ष्यासारखा, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आईच्या खिडकीत काहीतरी येऊन बसलंय.

चित्ता हा शब्द मात्र शंभर टक्के आपला. संस्कृतातल्या चित्र वरून, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. शब्द आपला आणि जनावरच आपल्याकडे उरलं नाही, १९५२ मध्ये भारतातून तो संपल्याचं जाहीर झालं, मग थेट १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले. ज्यांचं मूळ कोल्हापूरकडचं आहे त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, संस्थानाच्या काळात तिथे चित्ते पाळून हरणांच्या शिकारीला न्यायचे, त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान, आणि देशातले मिळेनात तेव्हा आफ्रिकेतून आणायचे. म्हणजे आफ्रिकेतून चित्ते आणायची ही काही पहिली वेळ नाही.

तुमच्या बिबट्याबद्दल एवढंच, तुमच्या मागे १०० चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क आहे, त्यात आणि आजूबाजूला पन्नासच्या आसपास बिबटे आहेत, आणि ते तुमच्यासाठी येत नाहीत. कचऱ्यावर जगणारी कुत्री खायला येतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पिंजऱ्याचा ठराव मांडण्याआधी कचऱ्याच्या डब्याचा मांडा.

सम्राट अशोकाच्या कार्यक्रमात दगडावरची अक्षरं दाखवली. शेकडो वर्षं ती कोणालाच वाचता येत नव्हती असं म्हणाले. मग पहिल्या माणसाने कुठून सुरुवात केली? शिकवणारा तर कोणी नव्हता. (वसई, रिटायर्ड शिक्षक)

सर, या महिन्यातला बेस्ट प्रश्न तुमचा, त्यामुळे लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

जेम्स प्रिन्सेप नावाचा इंग्रज, कलकत्त्याच्या टांकसाळीत कामाला. काम काय तर नाण्यांतल्या सोन्याचांदीचा कस बघायचा. जुनी नाणी हातात येत राहिली, त्यावरची अक्षरं, मग ते वेडच लागलं त्याला. देशभरातून लोक त्याला शिलालेखांचे ठसे पाठवायचे. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर पुष्कळ बारके बारके लेख आहेत, त्यांचे ठसे समोर मांडून बसला असताना त्याच्या लक्षात आलं की बहुतेक सगळे एकाच दोन अक्षरांनी संपतायत. प्रत्येक लेख वेगळा, शेपूट तेच. आता देवळात, स्तूपात खांबाखांबावर लोक काय लिहितात? आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, पंख्याच्या पात्यावर, बाकड्याच्या पाठीवर काय लिहिलेलं असतं? अमक्यातमक्याकडून सप्रेम भेट! बस, तेच. त्याने ताडलं की हा शब्द दानं असणार, अमक्याचं दान, तमकीचं दान. म्हणजे द सापडला, न सापडला, अनुस्वाराचा टिंब सापडला, आणि त्याच्या आधी येणारा षष्ठीचा स सापडला. एक धागा हाताला लागला आणि मग भराभर सगळं सुटत गेलं, १८३७ ची गोष्ट.

मग खांबांवरचे मोठे लेख वाचले तर सगळीकडे देवानंपिय पियदसि राजा असं म्हणतो, पण हा पियदसि कोण ते कळेना, कारण आपल्या राजांच्या याद्यांत या नावाचा कोणी नाही. ते कोडं श्रीलंकेतल्या जुन्या पाली ग्रंथांनी सोडवलं, तिथे अशोकाचंच नाव पियदस्सि दिलेलं होतं. खुद्द अशोक हे नाव असलेला लेख तर खूप नंतर मिळाला, कर्नाटकात मस्कीला, १९१५ मध्ये. प्रिन्सेप बिचारा १८४० मध्येच गेला, चाळिशीतच.

आणि सर, तुम्ही वसईला राहून हा प्रश्न टीव्ही बघून विचारताय! एक स्टेशन पुढे नालासोपारा, तेच शूर्पारक, जुनं भरभराटीचं बंदर. तिथल्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं तर आत विटांचा स्तूप निघाला आणि दगडी पेटीत करंडक. तो ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आहे, टाउन हॉलच्या त्या पायऱ्यांवर कॉलेजची पोरं गप्पा हाणत बसतात ना, तिथे आत. अशोकाच्या आज्ञेचा तुकडाही सोपाऱ्यालाच मिळाला. अशोकाच्या सोपाऱ्याच्या लेखाचा दगड बघायचा तर काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा.

नातवंडांना न्या, आणि जाण्याआधी चार अक्षरं शिकवून ठेवा. ब्राह्मीतला, म्हणजे अशोकाच्या लेखांच्या त्या लिपीतला, क म्हणजे अधिकचं चिन्ह. न म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. ठ म्हणजे गोल, आणि गंमत बघा, दोन हजारांहून जास्त वर्षांत सगळी अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, आपला ठ मात्र अजून पोट पुढे काढून तसाच गोल. माझा भाचा कान्हेरीच्या लेण्यांत भिंतीवर क शोधत फिरत होता आणि सापडला की "मिळाला!" म्हणून बोंब ठोकत होता, सिक्युरिटीवाला दोनदा येऊन गेला. कान्हेरीतले लेखही दानाचेच, कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा कोणी, नाशिकचा कोणी, कोणी गुहा दिली, कोणी पाण्याची टाकी. म्हणजे सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्हीकडच्या लोकांनी मिळून वर्गणी काढली होती. (नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं, कान्हेरीही. बोरिवली गेटपासून आत सहाएक किलोमीटर आहे, चालत जायची शायनिंग मारू नका, मी मारली होती.)

लेणी किती जुनी ते कार्बन डेटिंगने कळतं ना? (दादर)

दगडाचं नाही कळत. कार्बन डेटिंग फक्त जे कधीतरी जिवंत होतं त्याचं, लाकूड, कोळसा, हाड, धान्य. जीव गेला की आतला एक प्रकारचा कार्बन कमी कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा, त्यावरून हिशोब. पन्नासेक हजार वर्षांच्या मागे तोही संपतो. लेण्याचा दगड कोट्यवधी वर्षांचा, त्यावर छिन्नी कधी मारली ते अक्षरांच्या वळणावरून, राजाच्या नावावरून, मूर्तीच्या घडणीवरूनच ठरवावं लागतं, म्हणून तर विद्वान भांडतात.

पेंग्विन बर्फात राहतात. मग राणीच्या बागेतल्या पेंग्विनना गरम होत नाही का? मी चौथीत आहे. (भायखळा)

बाळा, बर्फातले पेंग्विन वेगळे, ते अंटार्क्टिकाचे. आपल्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन, ते दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावर राहतात, तिथे बर्फ नसतो, उलट वाळवंटासारखा कोरडा किनारा असतो पण समुद्राचं पाणी गार असतं. मुंबईचं ऊन त्यांना सोसणार नाही म्हणून काचेच्या घरात एसी लावून १६ ते १८ डिग्री ठेवतात. म्हणजे तुझ्या वर्गापेक्षा त्यांची मजा आहे. आणि बाहेर आलास की शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला एक दगडी हत्ती आहे, तो बघितल्याशिवाय घरी जायचं नाही. का ते पुढच्या उत्तरात आहे, आईला वाचून दाखवायला सांग.

घारापुरीला एलिफंटा म्हणतात, पण कार्यक्रमात हत्ती दिसलाच नाही. आम्ही लाँचने जाऊन आलो तेव्हाही नव्हता. (कुर्ला)

कारण तो भायखळ्याला आहे! पोर्तुगीज आले तेव्हा बेटावर उतरायच्या जागेजवळ एक भलाथोरला दगडी हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी बेटाला ते नाव ठेवलं. पुढे १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला, क्रेनला बांधला, आणि क्रेनच मोडली. हत्ती पडला, तुकडे झाले. मग ते तुकडे राणीच्या बागेत येऊन पडले आणि १९१४ मध्ये जोडून परत उभा केला. मला दरवेळी त्याच्यासमोर उभं राहिलं की जाम आनंद होतो, क्रेन मोडली नसती तर आज तो लंडनला काचेमागे असता आणि आपण तिकीट काढून बघायला गेलो असतो. जोड बघायला मिळतात नीट बघितलं तर. बेटावरची ती तीन मुखांची शंकराची मूर्ती, अठरा-वीस फुटांची, ती डोंगरातच कोरलीय म्हणून वाचली. आणि सोमवारी लेणी बंद, सांगून ठेवते, माझ्या नणंदेने पुण्याहून आलेले पाहुणे सोमवारी नेले होते, ते आजही ऐकवतात.

ज्वालामुखी बघून मुलगी घाबरली, आपल्याकडे फुटणार नाही ना विचारतेय. (अंधेरी पश्चिम)

तिला सांगा फुटून झाला. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि असा की त्याचा लाव्हा आज पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आपला सगळा सह्याद्री म्हणजे त्याचेच थरावर थर. कसाऱ्याला किंवा कर्जतला गाडी घाट चढायला लागली की खिडकीतून डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा लोट. आता खाली काही खदखदत नाहीये, झोपा निवांत.

आणि तुम्ही अंधेरीवाले आहात तर तिला गिल्बर्ट हिलवर न्या. दोनशे फूट उभा काळा दगड, बाजूने बघितलं तर पेन्सिली एकत्र बांधून उभ्या केल्यासारखे खांब. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो, उन्हाळ्यात भाताच्या खाचराला भेगा पडतात तसा, फक्त इथे त्या भेगा वरून खाली अख्ख्या जाडीभर गेल्या. जगात असली ठिकाणं मोजकी आहेत, अमेरिकेत एकाला तर केवढं कौतुकाने नॅशनल मॉन्युमेंट करून ठेवलंय, लोक लांबून येतात. आपलंही १९५२ मध्येच जाहीर झालंय, आणि आपण चारी बाजूंनी बिल्डिंगा आणून चिकटवल्या. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या आहेत, संध्याकाळी छान वारा असतो.

कासवाची पिल्लं समुद्राकडेच कशी जातात? आणि नर की मादी ते वाळू ठरवते हे खरं? (वर्सोवा)

खरं. अंडी ज्या वाळूत असतात ती गरम असली तर माद्या जास्त, थंड असली तर नर जास्त, साधारण २९-३० डिग्रीच्या अलीकडे-पलीकडे खेळ. आणि पिल्लं उजेडाकडे जातात, रात्री किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्रच असतो म्हणून तिकडे. असायचा, असं म्हणायला पाहिजे, कारण हॉटेलचे दिवे असले की ती बिचारी रस्त्याकडे वळतात. तुमच्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मार्च २०१८ मध्ये कित्येक वर्षांनी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली होती, लोकांनी कचरा उपसून वाळू मोकळी केल्यानंतर. हमखास बघायचं तर रत्नागिरीतलं वेळास, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, पहाटे उठायची तयारी ठेवून.

प्रश्न निसर्गाचा नाही, घरातला आहे. तुमच्या त्या उपक्रमापासून आमचे सासरे रोज दुपारी तीन ते रात्री नऊ रिमोट सोडत नाहीत. सातला सासूबाईंची सिरियल असते. घरात अबोला आहे. दोष तुमचा आहे ताई. (डोंबिवली, एक सून)

मान्य. माझ्यामुळे झालं.

असं करा. माळ्यावर किंवा नणंदेकडे जुना टीव्ही असेलच, तो आतल्या खोलीत लावा आणि दूरदर्शनची ती फ्री डिश बसवा. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, दर महिन्याचं काही भरायचं नाही, आणि त्यांचे सगळे सरकारी चॅनेल त्यात येतात. हॉलचा टीव्ही सासूबाईंचा. सासऱ्यांना सांगा तुमची स्वतंत्र स्टडीरूम केली, माणूस खूश.

पण अबोला धरण्याआधी एक लक्षात घ्या, तुमचे सासरे साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्या लहानपणी टीव्ही म्हणजे हेच होतं. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, चॅनेल एकच, रंग १९८२ मध्ये आले. लालबागला आमच्या चाळीत अख्ख्या मजल्यात एक टीव्ही, शटरवाला, चपला बाहेर काढून बसायचं, आणि लावलंय ते बघायचं, आमची माती आमची माणसं लागलं की आम्ही गिरणगावातली पोरं ऊसावरच्या किडीची माहिती डोळे फाडून ऐकायचो, आमच्या सात पिढ्यांत कोणाचा ऊस नव्हता. १९८४ पासून दुपारी विद्यापीठांचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे, इंग्रजीत, अर्धं कळायचं नाही, तरी सुट्टीत बघायचो कारण दुसरं होतंच काय. मधेच पाटी यायची, रुकावट के लिए खेद है, तीसुद्धा बघायचो. तर त्या माणसाला आज साठाव्या वर्षी तेच हळू हळू चालणारं काहीतरी मिळालंय. शनिवारी त्यांच्या हातात नातू द्या, वरचा नालासोपाऱ्याचा पत्ता द्या, पास काढून द्या. सहा तास घर शांत.

शेवटी एक कान पकडणं.

दोन महिन्यांपूर्वी मी याच पानावर लिहिलं होतं की पंचम जॉर्ज राजा गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून मुंबईत आला. फोर्टमधल्या एका आजोबांनी इनलँड लेटर पाठवलंय, निळ्या शाईत, तारीखवार. राजा-राणी उतरले २ डिसेंबर १९११ ला. गेटवेचा पायाच घातला १९१३ मध्ये आणि बांधून झाला १९२४ ला. मग राजा आला त्या दिवशी तिथे काय होतं, तर पुठ्ठ्याची कमान. खाली आजोबांनी लिहिलंय, "ताई, तुमच्या गेटवेखालून राजा गेला नाही. पण इंग्रजांची शेवटची पलटण मात्र तिथूनच गेली, २८ फेब्रुवारी १९४८, आणि तेव्हा तो दगडाचा होता."